गोवर बदलतो, पण बदलत नाही

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवराची जी लस तयार होते, तिच्या कुळाचा मूळपुरुष १९५४ सालचा आहे. त्या वर्षी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली होती. जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका आजारी मुलाच्या शरीरातला विषाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्यालाच सौम्य करत करत अनेक देशांत लशी तयार झाल्या. सीरमच्या लशीतला वाण एडमन्स्टन-झाग्रेब या नावाने ओळखला जातो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात गोवर पसरला आणि लहान मुले दगावली, तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न मिळालेल्या किंवा एकच मात्रा मिळालेल्या मुलांचाच भरणा होता. लस पूर्ण झालेली मुले बहुतेक सुरक्षित राहिली. जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या विषाणूवरून घेतलेला धडा आजच्या विषाणूला पुरून उरत होता.

आता इन्फ्लुएन्झाकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी. लशीत विषाणूचे कोणते वाण घालायचे हे ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवतात, कारण गेल्या वर्षीची लस यंदा कमी पडू शकते. दोन्ही विषाणू श्वासातून पसरतात. दोघांचाही जनुकसंच आरएनएचा आहे आणि त्याची नक्कल करताना दोघेही भरपूर चुका करतात. तरी एकाची लस पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि दुसऱ्याची वर्षभरात जुनी होते. विषाणू माणसाच्या संगतीत कसे घडतात हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगला प्रश्न माहीत नाही.

गोवराच्या विषाणूचा जनुकसंच १५,८९४ अक्षरांचा. माणसाचा तीन अब्जांच्या आसपास. एवढ्या लहान संहितेत गोवराची सहा जनुके बसतात. १५,८९४ हा आकडाही योगायोगाने आलेला नाही, त्याला सहाने नि:शेष भाग जातो. या विषाणूचा आरएनए उघडा नसतो. एन नावाचे प्रथिन त्याच्यावर ओळीने बसते आणि प्रत्येक रेणू नेमकी सहा अक्षरे झाकतो. लांबी सहाच्या पटीत नसेल तर नक्कल नीट होत नाही. त्यामुळे अक्षरांची अदलाबदल चालते, पण मध्येच एखादे वाढले किंवा गळले तर त्या विषाणूचा वंश बहुधा तिथेच संपतो. नक्कल करणारे प्रथिन आपले काम तपासून पाहत नाही. आरएनए विषाणूंत साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक होते. एका आजारी मुलाच्या अंगात विषाणूच्या अगणित प्रती तयार होतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या प्रतीत बदलून पाहिले जाते. बदलाचा कच्चा माल गोवराकडे मुबलक आहे. त्यातले टिकते काय, हे यजमान ठरवतो.

आपल्या पेशीत विषाणू शिरला की पेशी आधी धोक्याचा इशारा देते. इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर पडतात, शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला लागणारी यंत्रणा मंदावते. गोवराने या इशाऱ्यावर उपाय शोधला आहे आणि तो अतिशय काटकसरीचा आहे. त्याच्या पी या जनुकापासून एक प्रथिन बनते. त्याच जनुकाचे वाचन वेगळ्या जागेपासून सुरू केले की सी हे दुसरे प्रथिन मिळते. वाचताना ठरावीक जागी एक जादा अक्षर घुसवले की पुढचा सगळा अर्थ पालटतो आणि व्ही हे तिसरे प्रथिन तयार होते. व्ही आणि सी ही दोन्ही इंटरफेरॉनची यंत्रणा दाबून टाकतात. जागा कमी आणि यजमान सावध, या दुहेरी दाबाखाली एकाच मजकुरातून तीन अर्थ काढण्याची ही रीत टिकून राहिली. नुसत्या चुकांच्या वेगाने असे काही घडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने घडते.

हा विषाणू मुळात माणसाचा नव्हे. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे बुळकांडीचा विषाणू, गाईगुरांची दावण रिकामी करणारा. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ऐकूनच धडकी भरत असे. बुळकांडी आता पृथ्वीवर उरलेली नाही. २०११ साली तिच्या उच्चाटनाची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने मुळापासून संपवलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा याच कुळातला, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपरही. गोवर आणि बुळकांडी यांचा समान पूर्वज गुराढोरांत राहत होता आणि कधीतरी त्याची एक शाखा माणसांत आली, हे फार पूर्वीपासून मान्य आहे. प्रश्न होता, कधी?

त्याचे उत्तर बर्लिनमधल्या एका बरणीतून मिळाले. १९१२ च्या जूनमध्ये तिथल्या शारिटे रुग्णालयात दोन वर्षांची एक मुलगी गोवरानंतरच्या न्यूमोनियाने वारली. तिचे फुप्फुस फॉर्मेलिनमध्ये जपून ठेवलेले होते. शंभराहून जास्त वर्षांनी सेबास्तियाँ काल्व्हिन्याक-स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून विषाणूचा जनुकसंच जवळजवळ पूर्ण वाचून काढला. आरएनए फार लवकर विरतो, त्यामुळे हे काम किती अवघड होते याची कल्पना करता येईल. तोवर गोवराचा सर्वात जुना वाचलेला जनुकसंच १९५४ चाच होता.

जुना नमुना मिळाल्याने काय साधते? आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नक्कल करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले होते. एकनाथांनी १५८४ साली अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. कोणत्या दोन प्रतींत सारख्याच चुका आहेत हे पाहिले की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे अनुमान निघते. जनुकसंचांचेही तसेच. कोणते बदल कोणाकोणात समान आहेत यावरून वंशवृक्ष मांडता येतो. भर एवढीच की बदल साठण्याचा वेग कळला तर फांद्या कधी फुटल्या याचा काळही काढता येतो. आधीच्या हिशेबांनी गोवर आणि बुळकांडी इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास वेगळे झाले असे दाखवले होते. १९१२ चा नमुना हाती आल्यावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबाने ही तारीख इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास नेली. त्यातही काही शतकांची मागेपुढे आहेच.

एवढा फरक का पडला, हे सांगायलाच हवे, कारण त्यात विषाणूच्या उत्क्रांतीचे मर्म आहे. आजचे आणि दहा वर्षांपूर्वीचे विषाणू ताडले तर खूप बदल दिसतात. पण त्यातले बरेचसे विषाणूला थोडे थोडे नडणारे असतात. यजमानाच्या शरीरात ते वंश हळूहळू मागे पडतात आणि काही वर्षांत नाहीसे होतात. शंभर किंवा हजार वर्षांनी पाहिले तर फक्त चाळणीतून उरलेले बदल दिसतात. अलीकडचा वेग धरून मागे गेलो तर भूतकाळ आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. जुन्या हिशेबात नेमके हेच झाले होते. नव्या अभ्यासकांनी चाळणीचा परिणाम हिशेबात धरला.

इसवी सनपूर्व सहाव्या शतकाचा काळ एका दुसऱ्या गोष्टीशीही जुळतो. गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, हे घरातल्या जुन्या माणसांनाही माहीत होते. त्याचा सर्वात सुंदर पुरावा १८४६ सालच्या फॅरो बेटांवरचा. तिथे साथ आली तेव्हा पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर चौकशीला गेला. बेटांवर ७,७८२ माणसे होती, त्यातली सुमारे सहा हजार आजारी पडली. पण ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, गोवर झाला होता, त्यांना तो पुन्हा झाला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हताच. आजारी पडलेला माणूस एकतर दगावतो नाहीतर कायमचा सुटतो. जनावरांत किंवा मातीत दडून बसण्याची सोय गोवराला नाही. त्यामुळे त्याला जगायला सतत नवी माणसे लागतात, म्हणजे नवी बाळे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मॉरिस बार्टलेट यांनी शहरांच्या आणि नंतर फ्रान्सिस ब्लॅक यांनी बेटांच्या नोंदी तपासून दाखवले की अडीच ते पाच लाख लोकसंख्येखाली गोवर आपोआप विझतो. इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या मध्याला जगात एवढी मोठी शहरे उभी राहू लागली होती. गुरांचा विषाणू त्याआधीही कित्येकदा गुराख्यांच्या अंगात उतरला असेल. त्या वेळी वस्तीतली माणसे संपली आणि साथही संपली. शहरांनी त्याला कायमचे घर दिले.

ज्या समाजाने गोवर कधी पाहिलाच नव्हता, तिथे तो पोचला तेव्हा काय झाले, याची नोंद फिजीत आहे. १८७५ मध्ये इंग्रज युद्धनौकेतून तो बेटांवर आला आणि काही महिन्यांत अंदाजे ४०,००० माणसे गेली.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रतिपिंडे म्हणजे आपली अँटिबॉडीज विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांना ओळखतात. गोवरावर अशी दोन आहेत, एच आणि एफ. एच पेशीला पकडते, एफ विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळवते. इन्फ्लुएन्झाच्या पकडीच्या प्रथिनाचा माथा बऱ्यापैकी लवचीक असतो, त्यात अक्षरे बदलली तरी पकड शाबूत राहते. गोवराचे तसे नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनी २०१५ मध्ये गोवराच्या जनुकसंचात जागोजागी लहान तुकडे घुसवून पाहिले. काही जनुकांत विषाणूने ते खपवून घेतले. एच आणि एफ मध्ये जवळजवळ कुठेच नाही. हीच दोन प्रथिने प्रतिपिंडांच्या निशाण्यावर असतात, आणि तीच बदलायला सर्वात कमी वाव आहे.

याचे कारण गोवर आपल्या पेशींना कुठे पकडतो यात आहे. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या युसुके यानागी यांच्या गटाने २००० साली दाखवले की गोवर स्लॅम नावाच्या रेणूला धरून पेशीत शिरतो. हा रेणू आपल्या प्रतिकारपेशींवरच असतो. २०११ मध्ये नेक्टिन-४ हा दुसरा रेणू सापडला. तो श्वासनलिकेच्या पेशींवर आतल्या बाजूने असतो आणि विषाणू त्याच्या आधारे बाहेर पडतो. म्हणजे एका छोट्या प्रथिनाला माणसाचे दोन वेगळे रेणू पकडायचे आहेत आणि शिवाय एफला योग्य क्षणी इशाराही द्यायचा आहे. पकडीच्या जागा आणि प्रतिपिंडांनी ओळखण्याच्या जागा एकमेकींवर बसलेल्या आहेत. त्यातही आपले शरीर एचच्या एकाच भागावर विसंबत नाही. मेयो क्लिनिकमधल्या प्रयोगांतून दिसले की प्रतिपिंडांना पूर्ण चकवायचे तर विषाणूला निदान पाच वेगवेगळ्या जागा एकाच वेळी बदलाव्या लागतील, आणि तेही पकड न सोडता. एकेक चुकीने चालणाऱ्या विषाणूला हे जमणे जवळजवळ अशक्य.

विषाणूने माणसाशी इतके घट्ट जुळवून घेतले की त्या जुळवणीतच तो अडकला आहे. आपली लस टिकते ती यामुळे.

जुळवून घेतले याचा अर्थ तो मवाळ झाला असा मात्र नाही. विषाणू माणसात मुरत गेला की सौम्य होत जातो, हे करोनाच्या काळात आपण घरोघरी ऐकले. यजमान मेला तर विषाणूचाच तोटा, हा त्यामागचा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. गोवराला माणसात येऊन अडीच हजार वर्षे झाली असावीत. २०२३ मध्येही जगात त्याने अंदाजे १,०७,५०० बळी घेतले, बहुतेक पाच वर्षांखालची मुले. मूल सर्वाधिक संसर्ग पसरवते ते पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत. मृत्यू येतो तो बहुधा त्यानंतर, न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. तोवर विषाणू पुढच्या मुलांकडे गेलेला असतो. मागे राहिलेल्या मुलाचे काय होते याचा त्याच्या वंशावर काहीच परिणाम नाही, म्हणून निवडीचा दाबही नाही. कुपोषित मूल, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, दाटीवाटीचे घर, यांवरच मृत्यू वाढतात किंवा कमी होतात. सौम्यपणाची वाट पाहत बसायची ही गोष्ट नव्हे.

स्लॅम प्रतिकारपेशींवर असल्याचा आणखी एक भयानक परिणाम आहे. गोवर ज्या पेशी मारतो त्यांत जुन्या आजारांच्या आठवणी जपणाऱ्या पेशी असतात. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती आयुष्यभराची मिळते, पण बाकीच्या रोगांविरुद्ध कमावलेली बरीचशी जाते. लशीने असे होत नाही.

यजमानाच्या धाकाखाली विषाणूचा जनुकसंच किती सुस्थित राहतो हे पाहायचे असेल, तर तो धाक सुटल्यावर काय होते ते पाहावे. गोवर बरा झाल्यावर, क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू राहून जातो. सहा-दहा वर्षे काहीच होत नाही. मग शाळेत हुशार असलेले मूल विसरायला लागते, हातातल्या वस्तू पडतात, झटके येतात आणि हळूहळू सगळेच हरपते. एसएसपीई या नावाने मेंदूविकारतज्ज्ञ हा आजार ओळखतात. तो जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. फार लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका जास्त. ज्या देशात लसीकरण अपुरे राहिले तिथे तो अजून दिसतो, आपल्याकडेही.

अशा मुलांच्या मेंदूतून काढलेला जनुकसंच पाहिला तर विषाणू ओळखू येत नाही. त्याच्या एम या जनुकात एकाच जातीच्या अक्षराचे थवेच्या थवे बदललेले असतात. काही नमुन्यांत त्या जातीची निम्मी अक्षरे. ही नक्कल करतानाची चूक नव्हे. आपल्याच पेशीत आरएनएची अक्षरे बदलणारी एडीएआर नावाची प्रथिने असतात आणि हे काम त्यांचे असावे असे मानले जाते. म्हणजे यजमान विषाणूच्या मजकुरात थेट हात घालतो. एम प्रथिनाचे काम नवे विषाणू जुळवून पेशीबाहेर पाठवण्याचे. घशात आणि फुप्फुसात ते बिघडले तर त्या विषाणूचा वंश एका दिवसात संपेल. मेंदूत मात्र कोणाला बाहेर जायचेच नाही, त्यामुळे बिघाड तसाच राहतो. एफ प्रथिनातही बदल होतात. स्लॅम किंवा नेक्टिन-४ नसतानाही ते एका मज्जापेशीतून दुसरीत वाट काढू लागते. हा विषाणू मेंदूत पसरण्यात वाकबगार होतो, पण दुसऱ्या माणसाकडे कधीच जात नाही. त्या मुलाबरोबर त्याचाही शेवट होतो. नैसर्गिक निवड पुढचे पाहत नाही याचा इतका क्रूर दाखला दुसरा नसेल.

लस बनवणाऱ्यांनी हीच गोष्ट हेतुपुरस्सर घडवून आणली. एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ चा विषाणू आधी माणसाच्या पेशींत आणि मग कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला. प्रत्येक फेरीत नव्या घरात चांगले वाढणारे बदल पुढे गेले आणि आजारी मुलाच्या शरीरात उपयोगी पडणारे काही गुण गळाले. लशीच्या विषाणूचे एच प्रथिन सीडी४६ या वेगळ्याच रेणूलाही पकडते. एच मधल्या एका जागचा बदल त्याला पुरतो. इंटरफेरॉन दाबण्याची त्याची ताकदही कमी झालेली असते. त्यामुळे मुलाचे शरीर त्याला आवरते आणि तरीही त्याच्याकडून पूर्ण शिकते, कारण बाहेरून तो खऱ्या गोवरासारखाच दिसतो.

जगभरच्या लसीकरणाने विषाणूचा वंशवृक्षही छाटला आहे. एन जनुकातली ४५० अक्षरे वाचून गोवराचे २४ जनुकप्रकार ठरवले गेले. भारतात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत चालते. अलीकडच्या काही वर्षांत जगात बी३ आणि डी८ हे दोनच प्रकार फिरताना सापडतात. बाकीच्यांना लोकसंख्या अपुरी पडली. लोक होते, पण विषाणूला हवे ते, गोवराशी ओळख नसलेले, कमी झाले.

गोवराचेही उच्चाटन तत्त्वतः शक्य आहे. यजमान एकच, लस टिकाऊ, दडायला जनावर नाही. पण त्यानंतर लस थांबवावी का, यावर विषाणूतज्ज्ञ फार सावध आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. याच कुळातला डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहिलेला नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने त्यातल्या काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचाच विषाणू शोधून काढला. त्याआधी चीनमध्ये माकडांच्या पैदासकेंद्रात तो शिरला आणि हजारो माकडे आजारी पडली. माणसाचा नेक्टिन-४ त्याला आजही पकडता येतो. माणसाचा स्लॅम पकडायला, प्रयोगशाळेतल्या पेशींत, त्याच्या एच प्रथिनातला एकच अमिनो आम्लाचा बदल पुरला. सध्या ज्या शरीरांत तो उतरू पाहील, त्यांत गोवराविरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि ती त्यालाही काही प्रमाणात रोखतात.